न पाहिलेल्या गावी परत

मराठी वाचकाला ब्रह्मदेश ठाऊक असतो तो दोन नावांमुळे. एक मंडाले, दुसरं थिबा. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहून काढलं हे आपण शाळेत शिकतो, आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत राहून १९१६ मध्ये तिथेच वारला हे कोकणच्या सहलीत थिबा पॅलेस बघताना कळतं. या दोन्ही गोष्टींत मधेच मद्रास येतं, ते मात्र कुणी सांगत नाही. १८८५ मध्ये गादीवरून उतरवलेल्या थिबाला इंग्रजांनी बोटीत बसवून आधी मद्रासला आणलं, काही महिने तिथे ठेवलं आणि मग रत्नागिरीला हलवलं. टिळक १९१४ च्या जूनमध्ये सुटले तेही रंगूनहून बोटीनं मद्रासला उतरले आणि तिथून रेल्वेनं पुण्याला आले. रंगून-मद्रास ही तेव्हा एसटीच्या फेरीइतकी रुळलेली वाट होती.

याच वाटेनं १९६३ पासून पुढची काही वर्षं माणसांनी भरलेल्या बोटी मद्रासला येत राहिल्या. त्यांत ना राजा होता, ना पुढारी. शिंपी होते, भातगिरणीतले मजूर होते, किराणा दुकानदार होते, गोदीतले हमाल होते, आणि त्यांची पोरं होती. या पुस्तकात बोलतात ती प्रामुख्यानं ती पोरं. आज ती साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत. त्यांच्यामागून त्यांची मुलं बोलतात, नातवंडं बोलतात. आणि खरं सांगायचं तर नातवंडांची बोलणी वाचूनच ही प्रस्तावना लिहायला मी तयार झालो. आजोबांना रंगून आठवतं यात नवल काही नाही. चेन्नईतल्या व्यासरपाडीत जन्मलेल्या, पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलीला ते आठवल्यासारखं वाटतं, तिथे खरा प्रश्न सुरू होतो.

निर्वासितांच्या मुलांनी मोठं होऊन आपली मुळं शोधायची, हा आता जगभरच्या लेखनातला एक प्रकारच झाला आहे. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण व्हिएतनामी. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं आणि पुढच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख माणसं होड्यांतून समुद्र ओलांडून परदेशी किनाऱ्यांना लागली. त्यांची मुलं अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, फ्रान्समध्ये वाढली. व्हिएत थान्ह न्गुएन हा त्यांतलाच एक. चार वर्षांचा असताना आईबापांबरोबर पळाला, अमेरिकेतल्या छावणीत काही काळ त्यांच्यापासून वेगळा राहिला, पुढे सान होजेत आईबापांनी टाकलेल्या किराणा दुकानाच्या सावलीत वाढला, आणि त्याच्या ‘द सिम्पथायझर’ या कादंबरीला २०१६ चं पुलित्झर मिळालं. आज अशा आत्मकथनांनी पुस्तकांच्या दुकानात एक फळी सहज भरेल. चेन्नईच्या बर्मी तमिळांचं असं एखादं पुस्तक हातात येईल म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली. कादंबऱ्यांत, सिनेमांत रंगून डोकावतं. १९५२ च्या ‘पराशक्ती’त, करुणानिधींच्या लेखणीतल्या आणि शिवाजी गणेशनच्या पहिल्या सिनेमात, कथानायक रंगूनहूनच मद्रासला येतो आणि उतरल्या उतरल्या लुबाडला जातो. पण मोठं झालेलं पोर स्वतः तोंड उघडतंय, असं क्वचितच.

याचं कारण मला सरकारी कागदात सापडतं. व्हिएतनामी मुलाच्या हातात अमेरिकेत पहिला कागद आला तो निर्वासित म्हणून. तू घर सोडून आलास, हे त्या कागदानंच मान्य केलं. मद्रासला उतरलेल्या मुलाच्या बापाची नोंद झाली ती स्वदेशी परतलेला म्हणून. कायद्याच्या दृष्टीनं ते चोखच होतं, कारण बहुतेकांनी बर्माचं नागरिकत्व घेतलं नव्हतं किंवा त्यांना ते मिळालं नव्हतं. पण ज्या मुलानं भारताचा किनारा जन्मात प्रथमच पाहिला त्याला सगळे सांगत होते, की बाबा, तू घरी आलास. घरी आलेल्या माणसानं रडायचं कशासाठी? मग तो रडला नाही. निदान लोकांदेखत नाही.

आता थोडं मागे जायला हवं, कारण हे लोक तिथे गेले कसे ते न सांगता नुसतं त्यांचं हाकललं जाणं सांगितलं तर ती अर्धीच गोष्ट होईल.

इंग्रजांनी ब्रह्मदेश तीन युद्धांत गिळला आणि १९३७ पर्यंत तो हिंदुस्थानचाच एक प्रांत म्हणून चालवला. इरावतीच्या मुखाकडची दलदल साफ करून भात पिकवायचं तर माणसं हवीत आणि पैसा हवा. माणसं आली तेलुगू आणि तमिळ मुलखातून. पैसा आला तमिळ मुलखातल्याच चेट्टिनाडच्या सावकारांकडून, नाट्टुकोट्टै चेट्टियारांकडून. १९३१ च्या जनगणनेत ब्रह्मदेशात दहा लाखांवर भारतीय होते, आणि रंगून शहरात तर निम्म्याहून जास्त वस्ती भारतीयांची होती. स्वतःच्याच देशाच्या राजधानीत तिथल्या माणसानं अल्पसंख्य व्हावं, हे जरा मनात धरून पाहा.

१९३० च्या सुमारास भाताचा भाव कोसळला आणि कुळांना कर्ज फेडता येईना. खालच्या ब्रह्मदेशातल्या तेरा मुख्य भातजिल्ह्यांत चेट्टियारांकडे असलेली जमीन १९३० मध्ये सुमारे सहा टक्के होती, ती १९३८ पर्यंत पंचवीस टक्क्यांवर गेली. मराठी वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगायला नको. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात आपल्याच शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले होते. सावकार दुसऱ्या मुलखातला, दुसऱ्या भाषेचा, आणि पाठीशी परक्या सरकारचं कोर्ट, असं असलं की राग कुठवर जातो ते आपल्याला घरातूनच माहीत आहे. रंगूनमध्ये १९३० ला आणि पुन्हा १९३८ ला दंगली झाल्या. त्यांत मार खाल्ला तो सावकारांनी कमी, गोदीतल्या हमालांनी आणि फेरीवाल्यांनी जास्त.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. पुढची पानं वाचताना लक्षात येईल की बहुतेकांच्या आठवणीत मोठं लाकडी घर आहे, परसात आंब्याची झाडं आहेत, प्रेमळ बर्मी शेजारीण आहे. कुळांबद्दल, गहाणखतांबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या आठवणीत गहाणखत यायचं कुठून? शिवाय साठच्या दशकात जे हाकलले गेले त्यांत चेट्टियार थोडेच होते. बडे सावकार युद्धातच निसटले होते आणि स्वातंत्र्यानंतर बर्मी सरकारनं जमिनी ताब्यात घेतल्यावर त्यांच्या परतण्यात काही राम उरला नव्हता. त्यांच्या वैभवाची खूण म्हणून चेट्टिनाडातल्या कारैकुडीच्या वाड्यांतले बर्मी सागाचे खांब आज पर्यटक पाहतात. मागे राहिले ते लहान लोक, आणि बिल त्यांच्या नावावर फाटलं.

त्याआधीही एकदा हे घर मोडून झालं होतं. २३ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले आणि लाखो भारतीय पायी निघाले. कुणी आराकानच्या किनाऱ्यानं, कुणी तामूवरून मणिपुरात, कुणी हुकाँगच्या दरीतून आसामात. वाटेत उपासमारीनं, पटकीनं, मलेरियानं माणसं हजारोंनी मेली. काही कुटुंबं युद्ध संपल्यावर पुन्हा रंगूनला गेली. हा तपशील मला नेहमी चकित करतो: ज्या रस्त्यावर लेकरू पुरलं त्याच देशात पुन्हा संसार मांडायला ती गेली, कारण त्यांच्या लेखी घर तेच होतं. जे मागेच राहिले त्यांतले अनेक सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेत गेले. मलाया-बर्मातल्या तमिळ घरांतल्या मुली झाशीच्या राणीचं नाव लावलेल्या पलटणीत कवायत करत होत्या, ही आपल्याकडे फारशी न सांगितली गेलेली गोष्ट.

२ मार्च १९६२ ला जनरल ने विननं सत्ता घेतली. १९६४ च्या मार्चमध्ये दुकानांचं राष्ट्रीयीकरण झालं. सकाळी शिपाई आले, किल्ल्या घेतल्या, पाटी बदलली. मे महिन्यात पन्नास आणि शंभर क्याटच्या नोटा रद्द झाल्या; ज्यांनी दुकान जाताना रोकड लपवून ठेवली होती तेही बसले. भारत सरकारनं बोटी पाठवल्या. सोनं-नाणं बरोबर नेण्यावर कडक बंधनं होती, आणि रंगूनच्या धक्क्यावरची झडती हा या पुस्तकातला एक असा प्रसंग आहे की तो सांगताना बायकांचा आवाज आजही चढतो. तमिळनाडू सरकारच्या हिशेबात बर्माहून असे सुमारे १ लाख ४४ हजार लोक आले.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. धंद्याला कर्जं दिली, घरं बांधायला जागा दिल्या; चेन्नईत व्यासरपाडीला, बाहेर कारैकुडीसारख्या गावांत बर्मा कॉलन्या उभ्या राहिल्या. १९६९ मध्ये या परतलेल्यांसाठीच एक सहकारी बँक निघाली, ती रेप्को बँक. आज दक्षिणेतल्या शहरांत तिच्या पाट्या दिसतात, पण ते नाव कशावरून पडलं हे तिच्या खातेदारांतल्या निम्म्यांना तरी ठाऊक असेल का, शंका आहे. त्याच वर्षी पॅरीज कॉर्नरपाशी, राजाजी सालैवर, बीच स्टेशनच्या जवळ या परतलेल्यांच्या छोट्या छोट्या गाळ्यांची रांग लागली. तोच बर्मा बाजार.

ऐंशीच्या दशकात मद्रासला गेलेल्या मराठी माणसानं बर्मा बाजारातून काहीतरी आणलेलं असणारच. टेप रेकॉर्डर, मनगटी घड्याळ, सेंटची बाटली, व्हीसीआर. माल बंदरातून कसा बाहेर पडे हे विचारायची पद्धत नव्हती. आयात खुली झाल्यावर त्या मालाची ऐट गेली. मग सीडी आल्या, मग मोबाइल. बाजाराच्या नावातला बर्मा मालात कधीच नव्हता. तो रस्ता ओलांडून पलीकडे, सेकंड लाइन बीच या रस्त्यावरच्या हातगाड्यांवर होता आणि आहे.

त्या गाड्यांवर संध्याकाळी अतो मिळतं. शिजवून गार केलेल्या, केशरी रंगाच्या जाड नूडल्स परातीत असतात. गाडीवाला मूठभर नूडल्स भांड्यात घेतो, त्यावर बारीक चिरलेला कोबी, कच्चा कांदा, तळलेला लसूण आणि त्याचं तेल, चिंचेचं पाणी, भाजलेल्या मिरचीची भरड, आणि बेजो नावाची कुरकुरीत तळलेली पापडी हातानं चुरून घालतो. मग चमचा न वापरता पाचही बोटांनी कालवतो. आपल्याकडे भेळ ज्या वेगानं होते त्याच वेगानं. सोबत वाटीत केळीच्या गाभ्याचं पातळ सूप येतं. हे सूप म्हणजे बर्मातली मोहिंगा. तिथे ते माशाचं असतं आणि त्यात केळीचा गाभा पडतो. चेन्नईच्या गाडीवर मासा गळाला, गाभा राहिला. मधे चिरून, तळलेला कांदा-लसूण भरलेलं उकडलेलं अंडंही असतं, आणि ते एका घासात खायचं असतं. मी दोन घासांत खाल्लं तेव्हा गाडीवाल्यानं ‘सार’ म्हणून अशा नजरेनं पाहिलं, की पुढच्या वेळी शिस्त पाळली.

त्याला विचारलं, अण्णा, बर्माला गेलायस का कधी? तो हसला. म्हणाला, मी कुठला जातोय, माझी पाटी म्हणते, हे खरं अतो नव्हेच. तिथल्या पाण्याशिवाय चिंच आंबटच लागत नाही. पाटी म्हणजे आजी. तिनं त्याला कालवायला शिकवलं, आणि तीच रोज त्याला नापास करते. मूळ शोधणं म्हणजे काय, यावर मी बरंच वाचलं आहे, पण परीक्षक घरात बसलेली आणि अभ्यासक्रम समुद्रापलीकडे, ही अडचण इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितली नव्हती.

वाढण्याच्या आठवणी या पुस्तकात सगळ्यांत दाट आहेत, तेव्हा त्यांबद्दल मी फार बोलत नाही. रंगूनच्या शाळेत बर्मी नाव आणि घरी तमिळ नाव, अशा दोन नावांची मुलं मद्रासच्या शाळेत आली. तमिळ बोलता येई, लिहिता येईना, म्हणून दहा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्यांत बसवला गेला. ‘बर्माकारन’ ही हाक कधी लाडाची असे, कधी नाही. आया गालाला तनाखा, म्हणजे झाडाच्या सालीचा बर्मी लेप, उगाळून लावत. मुली शाळेच्या कोपऱ्यावर पोचायच्या आत तो पुसून टाकत. आईबापांना भांडायचं असलं की ते बर्मीत भांडत, म्हणजे मुलांना कळू नये. त्यामुळे दुसऱ्या पिढीला बर्मी भाषा येते ती प्रामुख्यानं रागाची. हे वाक्य एका बाईंनी सहज म्हटलं आणि त्यावर त्या स्वतःच खूप हसल्या.

परत जायचा प्रयत्न काहींनी फार लवकर केला. मद्रासमध्ये जमेना म्हणून साठच्या दशकातच काही कुटुंबं रेल्वेनं आसामकडे आणि तिथून मणिपूरच्या सीमेवर पोचली, चालत ब्रह्मदेशात शिरायला. बर्मी सैनिकांनी अडवलं. ती तिथेच, मोरे या सीमेवरच्या गावात राहिली. त्यांनी अंगाळपरमेश्वरीचं देऊळ बांधलं, तमिळ संगम काढला, इडलीची दुकानं टाकली. २०२३ च्या मे महिन्यात मणिपूर पेटलं तेव्हा दोन मोठ्या समाजांच्या भांडणात या तिसऱ्यांचीही घरं जळाली, आणि काहींनी पुन्हा चेन्नईची गाडी पकडली.

बाकीच्यांना वाट पाहावी लागली ती २०११ नंतर म्यानमार थोडा उघडेपर्यंत. मग मुलांनी म्हाताऱ्यांना विमानानं नेलं. तिथे मोगल स्ट्रीटचा श्वेबोन्था रस्ता झालेला. आजोबांच्या दुकानात मोबाइलची कार्डं. १८७१ मध्ये तमिळांनी बांधलेलं कालीचं देऊळ मात्र जागच्या जागी, आणि त्यात पूजा करणारे, मागे राहिलेल्यांचे वंशज, ज्यांचं तमिळ तुटक आणि बर्मी सफाईदार. पाहुणे आणि यजमान एकमेकांकडे पाहतात तेव्हा कोण मूळ आणि कोण फांदी हे ठरवणं अवघड जातं. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर ही जा-ये पुन्हा आटली. पुस्तकातल्या दोघांची रंगूनची सहल त्यामुळेच अपुरी राहिली आहे, ती पूर्ण करून द्या असा आग्रह मी संपादकांना करू दिला नाही.

व्हिएतनामचा उल्लेख वर केला तो केवळ तुलनेसाठी नव्हता. तमिळ माणसं सायगावलाही होती: चेट्टियार सावकार, आणि त्यांच्याहून वेगळे पाँडिचेरीचे लोक. १८८१ च्या एका फ्रेंच हुकुमानं पाँडिचेरीकरांना स्वतःच्या जातिधर्माचे कायदे सोडून फ्रेंच कायदा पत्करण्याची मुभा मिळाली. ज्यांनी ती घेतली त्यांनी फ्रेंच आडनावं लावली आणि त्यांतले कितीतरी कारकून, शिपाई, जकातवाले म्हणून सायगावला गेले. काहींनी तिथल्या बायका केल्या. फ्रेंच गेल्यावर, आणि उरलेले १९७५ नंतर, परतले. संख्या बर्माच्या मानानं अगदी थोडी. पाँडिचेरीच्या काही घरांत सणाला अजून चाय्यो नावाचे व्हिएतनामी रोल तळले जातात, आणि सायगावच्या मारिअम्मनच्या देवळात आता उदबत्त्या लावणारे बहुतांशी व्हिएतनामी असतात. या घरांवरचं एकच प्रकरण इथे आहे. ते सगळ्यात सुरेख लिहिलेलं आहे. कदाचित फ्रेंच शाळेचा गुण असेल.

एक गोष्ट वाचकानं या पुस्तकात शोधू नये, कारण ती इथे नाही. बर्माहून आलेल्यांच्या हाती निदान नागरिकत्व होतं. १९८३ पासून श्रीलंकेहून आलेल्या तमिळांच्या हाती तेही नाही. तमिळनाडूत शंभराहून अधिक छावण्यांत त्यांतले पन्नास हजारांवर लोक राहतात. चेन्नईच्या उत्तरेला पुळल आणि गुम्मिडिपूंडीला त्यांच्या वसाहती आहेत. २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्या छावण्यांच्या पाट्या बदलून पुनर्वसन शिबिरं असं नाव दिलं. तिथे जन्मलेल्या मुलांना कायदा तारखेवर तोलतो: १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मला तर जन्मानं नागरिक, नंतर जन्मला तर निदान आईबापांपैकी एकजण भारतीय हवा. मंडपम छावणीत १९८६ मध्ये जन्मलेल्या एका बाईंनी याच कलमावर मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली, पासपोर्ट मिळवला आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मत दिलं. त्यांच्या धाकट्या भावंडांच्या वयाच्या कुणाला तो दरवाजा नाही.

आणि आज ब्रह्मदेशातून येणारा माणूस वेगळाच आहे. महाबलीपुरमच्या रस्त्यापासून आत, केळंबाक्कमला, एका सरकारी इमारतीत काही रोहिंग्या कुटुंबं दहाहून अधिक वर्षांपासून राहतात. पुरुष भंगार गोळा करतात, मुलं सरकारी शाळेत तमिळमधून शिकतात. बर्मा बाजारापासून हे ठिकाण चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर असेल. व्यासरपाडीच्या म्हाताऱ्यांना मी त्यांच्याबद्दल विचारलं होतं. काहींनी विषय बदलला, काहींनी ते आमच्यातले नव्हेत असं सांगितलं, आणि एका आजोबांनी ती मुलं मोहिंगा खातात का एवढंच विचारलं. त्याचं उत्तर मी अजून त्यांना दिलेलं नाही.